देवळालीचे गणितानंद : द. रा. कापरेकर



दहावी झाली की गणित सोडून देण्याचा विचार आपल्या पुष्कळ घरांत होतो. शिकवणीची फी परवडत नाही, मोठे शहर दूर आहे, घरात विचारायला शिकलेले माणूस नाही. ही कारणे खोटी नाहीत. तरीही निर्णय घेण्यापूर्वी एका शाळामास्तरांचे हे चरित्र अवश्य वाचा.

मलकापूर, नांदुरा, शेगाव येथून आपण रेल्वेने मुंबईस जातो तेव्हा वाटेत नाशिक रोडच्या पुढे देवळाली स्टेशन लागते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद असल्याने घरात आकडेमोड चाले. तेवढीच काय ती मुलाची वडिलार्जित मिळकत!

हायस्कूलसाठी ते ठाण्यास होते. त्या वयात आकड्यांची कोडी सोडवीत आणि लांबलचक हिशेबाला आखूड वाट शोधीत ते तासन्‌तास बसत. अशा उद्योगाला परीक्षेत गुण मिळत नाहीत, पण विचाराला वळण लागते. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली स्वतंत्र संशोधनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळविले, १९२९ साली पदवी घेतली आणि ते शिक्षक झाले. पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. संख्यांविषयी पुढे जे शोधले, ते दिवसाची शाळा सांभाळून, स्वतःच्या बळावर.

त्यांचा एक शोध तुम्ही आत्ताच पडताळून पाहा. त्यांचे जन्मवर्ष घ्या, १९०५. हे आकडे उतरत्या क्रमाने मांडा, ९५१०. मग चढत्या क्रमाने, ०१५९. वजाबाकी येते ९३५१. याच आकड्यांवर पुन्हा तीच क्रिया करा. क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४ मिळेल. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येईल. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती येथेच पोहोचते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे जाहीर केले. आज जगभर ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. तसेच ४५ चा वर्ग २०२५ आणि २० व २५ ची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

परंतु मान सहजासहजी मिळाला नाही. हा पोरखेळ आहे, असे म्हणून हसणारे विद्वान पुष्कळ होते. मोठ्या नियतकालिकांची दारे फारशी उघडली नाहीत, तेव्हा त्यांनी पुस्तिका स्वतः छापल्या. निवृत्तीनंतर तुटपुंजे वेतन पुरेना, म्हणून शिकवण्या केल्या. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लेख लिहिला, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते निवर्तले. इतकी वर्षे त्यांना तगविले ते गणितातील आनंदाने. लोक त्यांना गणितानंद म्हणत, ते उगीच नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, एक सावधगिरीही येथून घ्या. कुंभकोणमच्या रामानुजन यांनी पंधरा-सोळाव्या वर्षी सूत्रांचा एक संग्रह मिळविला आणि उच्च गणित आपले आपण शिकले. परंतु इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने कॉलेजात ते नापास झाले व शिष्यवृत्ती गमावून बसले. कापरेकरांनी पदवीही पुरी केली आणि छंदही जपला. स्वाध्याय हा शाळेचा जोडीदार आहे, तिचा पर्याय नव्हे.

गणित आपल्याला परके नाही. अल्जिब्रा हे नावच नवव्या शतकात बगदादला राहणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथावरून आले. आपल्या उर्दू शाळांत गणिताला रियाझी म्हणतात, आणि रियाज म्हणजे सराव. दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले आहेत. या रियाजाला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन्सिल आणि रोजचा एक निवांत तास पुरतो.

पालकहो, तो तास देणे मात्र तुमच्या हाती आहे. मुलगा असो वा मुलगी, त्या वेळी तिला पाणी भरायला किंवा त्याला दुकानावर बसायला बोलावू नका. स्वतःला गणित येत नसेल तरी शेजारी बसा आणि आज काय सोडविलेस, एवढे विचारा. ६१७४ चा हिशेब त्यांच्याकडूनच समजून घ्या. शिकविणारा मुलगा दुप्पट शिकतो, आणि ऐकणाऱ्या बापाचीही भीती जाते.