डोरोथी ब्रुक

डोरोथी एव्हलिन ब्रुक (१८८३ – १० जून, १९५५) या ब्रिटिश प्राणिसेविका होत्या. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तमध्ये विकल्या गेलेल्या, वार्धक्याने व अतिश्रमाने खंगलेल्या लष्करी घोड्यांना विकत घेऊन त्यांचे अखेरचे दिवस सुसह्य करण्याचे कार्य त्यांनी १९३० च्या दशकात कैरो येथे केले. या कार्यातूनच १९३४ मध्ये ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल या मोफत पशुरुग्णालयाची स्थापना झाली. काम करणाऱ्या घोडे, गाढवे व खेचरे यांच्यासाठी आज अनेक देशांत कार्यरत असलेली 'ब्रुक' ही संस्था याच रुग्णालयाचे विस्तारित रूप आहे.

प्रारंभिक जीवन

डोरोथी यांचा जन्म गिब्सन-क्रेग या स्कॉटिश घराण्यात झाला. त्यांचा पहिला विवाह लष्करी अधिकारी जेम्स सीअराइट यांच्याशी झाला होता. या विवाहातून त्यांना तीन अपत्ये झाली. घटस्फोटानंतर त्यांनी घोडदळातील अधिकारी जेफ्री ब्रुक यांच्याशी विवाह केला. जेफ्री ब्रुक हे नामांकित अश्वारोहक होते व १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी भाग घेतला होता. इजिप्तमधील ब्रिटिश घोडदळाच्या ब्रिगेडचे नेतृत्व त्यांच्याकडे आल्यामुळे १९३० मध्ये हे दांपत्य कैरोला आले.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात इजिप्त, सिनाई व पॅलेस्टाइन या आघाड्यांवर घोडदळाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथून आणलेल्या घोड्यांनी वाळवंटातील उष्णता व पाण्याचे दुर्भिक्ष सोसून सैन्याची व तोफांची वाहतूक केली. युद्ध संपल्यावर मात्र त्यांना मायदेशी परत नेण्याचा खर्च शासनांना परवडणारा वाटला नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत प्राण्यांच्या रोगांचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी असलेले विलग्नवासाचे निर्बंधही आड आले. महायुद्धासाठी ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेल्या लाखाहून अधिक घोड्यांपैकी जनरल ब्रिजेस यांचा 'सँडी' हा एकच घोडा परत गेला. उरलेल्यांपैकी काही भारतातील सैन्याकडे पाठवण्यात आले, निरुपयोगी ठरलेले ठार करण्यात आले आणि हजारो घोडे स्थानिक बाजारात विकले गेले.

ज्यांनी हे घोडे घेतले ते बहुधा गाडीवान, दगड वाहणारे मजूर व छोटे व्यापारी होते. घोडा हेच त्यांच्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असल्याने आजारी वा लंगड्या जनावरालाही विश्रांती देणे त्यांना शक्य नसे. अशा रीतीने हे घोडे एका मालकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येक वेळी अधिक हलाखीत, जात राहिले.

शोध व आवाहन

कैरोला आल्यावर डोरोथी यांनी या घोड्यांचा शोध घेण्यास प्रारंभ केला. लष्करी घोड्यांच्या अंगावर शासकीय मालकीची बाणाच्या आकाराची खूण डागलेली असे. युद्धसमाप्तीला बारा वर्षे उलटून गेल्यामुळे यातील बहुतेक घोडे वीस वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून वृद्ध होते. दातांची झीज, सुजलेले सांधे, अंधत्व व जुन्या जखमा यांनी ते जर्जर झालेले होते. त्यांनी प्रथम विकत घेतलेल्या घोड्यास 'ओल्ड बिल' हे नाव देण्यात आले.

एकट्याच्या पैशातून हे काम होणारे नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. त्यांनी लंडनच्या मॉर्निंग पोस्ट या वृत्तपत्राला पत्र लिहून वाचकांना मदतीचे आवाहन केले. १६ एप्रिल, १९३१ रोजी प्रसिद्ध झालेल्या या पत्राला मोठा प्रतिसाद मिळाला व आजच्या मूल्याने सुमारे २०,००० पौंड इतका निधी जमा झाला. त्यानंतर कैरोमध्ये एक समिती नेमून घोड्यांची पद्धतशीर खरेदी सुरू करण्यात आली. तीन वर्षांत सुमारे ५,००० माजी लष्करी घोडे विकत घेण्यात आले.

अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा

विकत घेतलेल्या घोड्यांपैकी बहुसंख्य घोडे बरे होण्यापलीकडे गेलेले होते. त्यांना पुन्हा विकणे म्हणजे पुन्हा त्याच श्रमांत लोटणे ठरले असते, आणि हजारो वृद्ध जनावरांना वर्षानुवर्षे पोसण्याइतका निधी समितीजवळ नव्हता. म्हणून डोरोथी यांनी मध्यममार्ग स्वीकारला. घोड्याला तबेल्यात आणून सावली, स्वच्छ पाणी, पोटभर चारा व गवताचे जाड अंथरूण दिले जाई. काही दिवसांच्या या विश्रांतीनंतर त्याला वेदनारहित मृत्यू दिला जाई. ज्यांच्या यातना असह्य होत्या त्यांच्या बाबतीत विलंब केला जात नसे.

भारतातील पांजरपोळांच्या परंपरेत वृद्ध वा अपंग जनावराला नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सांभाळले जाते. मुंबईतील पांजरपोळ १८३४ पासून अस्तित्वात आहे. डोरोथी यांचा मार्ग याहून भिन्न होता. जनावराचे आयुष्य लांबवण्यापेक्षा त्याच्या यातना संपवणे त्यांनी महत्त्वाचे मानले. मात्र ज्यांना वाचवण्यासाठी धडपड केली त्यांनाच मरण देण्याचा निर्णय वारंवार घ्यावा लागणे, हा या कार्यातील सर्वांत कठीण भाग होता. त्यांच्या दैनंदिनीतून या मानसिक ताणाची कल्पना येते.

रुग्णालयाची स्थापना

युद्धातील घोड्यांची संख्या कमी होत गेली, तरी कैरोच्या रस्त्यांवर राबणाऱ्या इतर जनावरांची स्थिती तशीच होती. मालकांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या दारिद्र्याचा विचार करणे आवश्यक आहे, असे डोरोथी यांचे मत बनले होते. जनावर निकामी होईपर्यंत थांबण्याऐवजी त्याच्यावर वेळीच उपचार झाले, तर जनावर व कुटुंब दोन्ही तगतील, या विचारातून १९३४ मध्ये कैरोमधील सय्यदा झैनब भागात ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. गरीब मालकांच्या घोड्यांवर, गाढवांवर व खेचरांवर तेथे विनामूल्य उपचार होऊ लागले. केवळ मृत्यूपूर्व शुश्रूषेपुरते असलेले कार्य अशा प्रकारे रोगप्रतिबंध व उपचार यांच्याकडे वळले.

मृत्यू व वारसा

डोरोथी ब्रुक यांचे १० जून, १९५५ रोजी कैरो येथे निधन झाले व तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या दैनंदिनीचे संपादन ग्लेंडा स्पूनर यांनी केले. पुढे रुग्णालयास ब्रुक यांचे नाव देण्यात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थेचे काम इजिप्तबाहेर जॉर्डन, पाकिस्तान व भारत या देशांत विस्तारले. भारतात वीटभट्ट्यांवर माल वाहणाऱ्या व टांग्याला जुंपल्या जाणाऱ्या जनावरांसाठी संस्था कार्य करते. जनावरांचे कल्याण व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचे कल्याण परस्परांपासून वेगळे करता येत नाही, ही डोरोथी यांची भूमिका संस्थेच्या कार्याचा आजही आधार आहे.