होम थिएटर घेताय? आधी विष्णुपंत दामले माहीत करून घ्या

५.१, ७.१, अ‍ॅटमॉस, हजार वॅट... श्रीरामपुरात काय आणि पुण्यात काय, दुकानात शिरलं की हेच आकडे कानावर पडतात. सेट घरी लावल्यावर मात्र अनेकांची एकच तक्रार असते. स्फोट दणक्यात वाजतात, पण हिरो काय बोलला ते कळत नाही. मराठी सिनेमा बोलायला लागला तेव्हा ही अडचण ज्या माणसाच्या गळ्यात पडली, त्याची ही गोष्ट.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १८९२ चा, पेणचा. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण यंत्र उघडून समजून घ्यायची ओढ होती. कोल्हापुरात ते बाबूराव पेंटर यांच्याकडे आले. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे आणि स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवायचं स्वप्न बघायचे. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन तो कॅमेरा पूर्ण केला. देशी हातांनी बनवलेल्या त्या यंत्रावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१ जून १९२९ ला दामले, व्ही. शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. जेमतेम दोन वर्षांत खेळच बदलला. मार्च १९३१ मध्ये मुंबईत 'आलम आरा' झळकला आणि मूकपट एका झटक्यात जुने झाले. प्रभातला बोलपट काढणं भाग होतं. आवाजाची बाजू दामल्यांनी घेतली.

तेव्हाचं तंत्र असं होतं. मायक्रोफोनमधून आलेला आवाज प्रकाशात बदलायचा आणि फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्टीच्या रूपात छापला जायचा. थिएटरमध्ये प्रोजेक्टरमधला दिवा त्या पट्टीतून प्रकाश पाडायचा, फोटोसेल तो वाचायचा आणि स्पीकर वाजायचा. चॅनल एकच. गाणंसुद्धा नटाने कॅमेऱ्यासमोर गायचं आणि वादकांनी आसपास लपून वाजवायचं. मिक्सिंग म्हणजे कोणी मायक्रोफोनपासून किती लांब बसायचं ते ठरवणं. तबला जवळ आला की शब्द गेले!

या अडचणींतून १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला. तो मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित झाला होता. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचे शब्द प्रेक्षकांपर्यंत पोचले, त्यामागे दामल्यांचं ध्वनिमुद्रण होतं.

गंमत बघा, त्याच सुमारास लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन हा इंजिनिअर वेगळ्याच विचारात होता. नट पडद्यावर जिथे असेल तिथूनच त्याचा आवाज का येऊ नये? डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या स्टिरिओचं आणि सराउंडचं मूळ तिथे सापडतं.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मुंबईत तो एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले १९४५ मध्ये गेले. प्रभातच्या त्या जागेत आज एफटीआयआय आहे.

आता तुमच्या हॉलकडे वळू. ५.१ सिनेमात बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. दामल्यांच्या काळातल्या पडद्यामागच्या एकुलत्या एक स्पीकरचा वारसदार तोच. बजेट कमी असेल तर सहा स्वस्त डबे घेण्यापेक्षा समोरचे तीन चांगले घ्या आणि मागचे पुढे कधीतरी जोडा. फक्त दोन स्पीकर असतील तर बरोबर मधे बसलेल्याला आवाज मधून येतो, कडेला बसलेल्या आजीला मात्र जवळच्या डब्यातूनच. सेंटर स्पीकर टीव्हीला लागूनच ठेवा, तोंड कानांच्या दिशेने.

स्लॅबचं घर, गुळगुळीत फरशी आणि रिकाम्या भिंती असल्या की आवाज घुमतो आणि शब्द विरघळतात. जाड पडदे आणि सतरंजी टाकून बघा, फरक जाणवेल. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका. कोपरा बास फुगवतो.

दुकानात डेमोला मारामारीचा सीन लावतील. तुम्ही मागे संगीत आणि पुढे हळू बोलणं असलेला सीन मोबाइलमध्ये घेऊन जा. आवाज कमी करा. शब्द तरीही कळले तर सेट कामाचा. वॅट नंतर मोजा.