सुभेदार रामजींचे जागरण आणि बाबासाहेबांचा अभ्यास

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेचा गौरव आपण दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला करतो. त्यांच्या पदव्यांची यादी मुलांना तोंडपाठ असते. ती म्हणताना मुलांच्या मनात अभिमान जागतो. परंतु त्याचबरोबर एक समजही नकळत रुजतो, की एवढी विद्या जन्मजात अलौकिक बुद्धी लाभलेल्यालाच साध्य होते आणि इतरांनी केवळ हात जोडावेत. बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन बारकाईने पाहिले, तर हा समज टिकत नाही. त्या जीवनाच्या मुळाशी दिसते ती सवय. आणि ती सवय प्रथम त्यांची स्वतःची नव्हती. ती त्यांच्या वडिलांनी लावलेली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. ते कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, पाठांतर आणि वाचन यांची वेळ ठरलेली असे. भीमराव सुमारे पाच वर्षांचे असताना मातोश्री भीमाबाईंचे निधन झाले, तरी घराची ही शिस्त ढळली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचा प्रवेश झाला. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे आणि तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. शाळा जे देत नव्हती, ते रामजींनी घरी द्यायचे ठरवले. तर्खडकरांच्या भाषांतरमालेचे धडे ते मुलाकडून स्वतः गिरवून घेत. भीमरावांच्या इंग्रजीचा पाया असा घरातच घातला गेला.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या गिरणगावात आले. आपल्या द्रोणागिरीकडून अटल सेतूने शिवडीला उतरले की परळ तेथून जवळच आहे. त्या काळी तेथील चाळीत या कुटुंबाला एकच खोली मिळाली. चूल, भांडी, जळण आणि माणसे सारे त्याच खोलीत. दिवसा तेथे अभ्यासाला निवांतपणा मिळणे अशक्य होते. रामजींनी त्यावर उपाय काढला. भीमराव लवकर झोपत आणि रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोन वाजले की ते मुलाला उठवीत आणि मगच स्वतः अंग टेकीत. निजलेल्या चाळीच्या शांततेत, तेलाच्या मिणमिणत्या दिव्याजवळ, भीमराव पहाटेपर्यंत वाचीत. जागा वाढवणे वडिलांच्या हाती नव्हते. म्हणून त्यांनी मुलाला वेळ मिळवून दिला. पेन्शन तुटपुंजी होती. मुलाने पुस्तक मागितले की ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवीत.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. आजच्या हिशेबाने हे गुण चाळीस टक्क्यांच्याही आत येतात. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती. पण अस्पृश्य म्हणून ती भाषा नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. तरीही त्यांची पाठ्यपुस्तकांबाहेरची वाचनाची ओढ कमी झाली नाही. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले होते. मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेत त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच प्रयत्नाने महाराज सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये ते बी.ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. आता उठवणारे कोणी नव्हते. चरित्रकार सांगतात, की नव्या स्वातंत्र्यात पहिले काही महिने थोडे खेळाकडे आणि करमणुकीकडे गेले. मग घरची माणसे आठवली आणि त्यांनी स्वतःलाच आवरले. वडिलांनी लावलेली सवय या वळणावर त्यांची स्वतःची झाली. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी केवळ अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र वेगळेच. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली.

लंडनमधला अभ्यास १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट राहिला. अनेकांचे शिक्षण अशा ठिकाणी कायमचे थांबते. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी दार उघडताच शिरत आणि संध्याकाळी ते बंद होईपर्यंत तेथेच असत. रात्री भूक लागली तर मित्राने दिलेले पापड भाजून खावेत आणि पुन्हा वाचावे, असा क्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत केला, तेव्हा मुंबईत परतल्यावर त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळवली. या सर्व वर्षांत मुंबईत काटकसरीने संसार ओढणाऱ्या आणि मुलांच्या मृत्यूचे दुःख सोसणाऱ्या माता रमाईंचा त्याग त्या पदवीपासून वेगळा काढता येत नाही.

रात्रीच्या शांत वेळी वाचण्या-लिहिण्याची ही सवय अखेरपर्यंत सुटली नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने पाहण्यासाठी जवळ घेतली होती.

सार्वजनिक जीवनाच्या आरंभीच, १९२५ मध्ये, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. चाळीतल्या एका खोलीत अभ्यास कसा करावा लागतो हे ज्याने अनुभवले, त्याला वसतिगृहाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. निवासी शाळा म्हणजे एका अर्थाने रामजींचे जागरण अनेक मुलांसाठी सामुदायिकपणे चालवणे होय. पहाटेची घंटा, ठरलेला अभ्यासाचा तास, दिवे मालवण्याची वेळ, या गोष्टी मुलांना कधी जाचक वाटतात. पण त्यांच्यामागे कोणीतरी जागे असते. तथागतांनी सांगितलेला सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य दिशेने सतत केलेला प्रयत्न, विद्यार्थ्याच्या जीवनात अशाच लहान नियमांतून उतरतो.

सुट्टीत मूल घरी येते तेव्हा मात्र ही जबाबदारी पालकांकडे येते. बंदरातील किंवा गोदामातील पाळी करून थकून आलेल्या आईवडिलांना मुलाचे गणित समजेलच असे नाही. परंतु ठरलेल्या वेळी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवणे, मुलाजवळ शांत बसणे आणि त्याला वेळेवर उठवणे यांसाठी पदवी लागत नाही. अठरा तासांच्या अभ्यासाचा आग्रह धरण्याचेही कारण नाही. रोजचे दोन तास, पण त्याच वेळी आणि न चुकता, एवढी सुरुवात पुरेशी आहे. मुलाचे गुण कमी आले तर २८२ हा आकडा त्याला सांगावा, आणि परळच्या त्या खोलीत दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या वडिलांचे स्मरण आपण स्वतः ठेवावे.