बालकवींची उदासी

भुसावळहून जळगावला जाताना भादली स्थानक लागते. ५ मे १९१८ रोजी तिथे बालकवी रेल्वेखाली सापडले. वय अवघे २७.

धरणगावात १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्यासारखे राहिले. ‘फुलराणी’चा हा कवी फार हळवा. नंतरच्या कवितांत तर कारण न सापडणारी खिन्नता उतरली.

मग हा व्यक्तिमत्त्वाचा विकार का? जुन्या पद्धतीत ठरावीक कप्पे असत. माणूस आत, नाही तर बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात आधी पाहतात, स्वभावापायी नाती, काम, स्वतःविषयीची जाणीव किती बिघडली. सौम्य, मध्यम की तीव्र. मग स्वभावाच्या पट्ट्या येतात: नकारात्मक भावना, अलिप्तता, इतरांविषयी बेपर्वाई, उतावळेपणा, अतिकाटेकोरपणा. या रक्तदाबासारख्या कमीजास्त असतात, आपल्या सर्वांतच. बालकवींची पहिली पट्टी बरीच वर असावी. पण तेवढ्याने विकार ठरत नाही, आणि कवितेवरून तर मुळीच नाही. त्यासाठी माणूस समोर बसावा लागतो, घरच्यांशी बोलावे लागते.