भाषेवाचून जगज्जेता : प्रीमो कार्नेरा

ज्याच्या मनगटात बळ आहे त्याला जिभेचे काय काम, असे पुष्कळांना वाटते. उलटपक्षी, अस्खलित इंग्रजी बोलता आल्यावाचून परदेशी मुष्टियोद्ध्याला अमेरिकेत कधीच नाव मिळावयाचे नाही, असेही काही जण निक्षून सांगतात. या दोन मतांपैकी खरे कोणते, हे ठरविण्यापूर्वी एका अवाढव्य देहाच्या, भोळ्या स्वभावाच्या पुरुषाचे चरित्र आपण पाहू या. त्याचे नाव प्रीमो कार्नेरा.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील सेक्वाल्स या खेड्यात २६ ऑक्टोबर १९०६ रोजी कार्नेराचा जन्म झाला. रंगीत दगडांचे बारीक तुकडे जुळवून फरशा व भिंती सजविणाऱ्या कारागिरांचे हे गाव. प्रीमोचा बापही तेच काम करी. या प्रांताची बोली शाळेत शिकविल्या जाणाऱ्या इटालियनहून निराळी. म्हणजे घरची भाषा एक आणि पुस्तकातील दुसरी, ही स्थिती त्याच्याही वाट्याला आली होती. त्यातच पहिले महायुद्ध पेटले. घरात दारिद्र्य आले, शाळा लवकर सुटली, आणि कोवळ्या वयातच हा मुलगा पोटासाठी फ्रान्समध्ये गेला. तेथे त्याने सुतारकाम केले, मिळेल ती मजुरी केली. तोवर त्याची उंची साडेसहा फुटांच्या घरात पोहोचली होती. एका फिरत्या सर्कशीने त्याला ठेवून घेतले. वजने उचलावयाची, गावोगावच्या हौशी मल्लांशी झुंजावयाचे आणि लोकांनी तोंडात बोट घालून पाहत राहावयाचे, असा त्याचा उद्योग सुरू झाला.

१९२८ साली पोल जुर्ने नावाच्या एका निवृत्त फ्रेंच मुष्टियोद्ध्याच्या दृष्टीस तो पडला. जुर्नेने त्याला लेओं से या मॅनेजरकडे नेले आणि १२ सप्टेंबर १९२८ रोजी पॅरिस येथे कार्नेराचा पहिला सामना झाला. मुष्टियुद्धाचे शिक्षण म्हणावे असे त्याला अद्याप मिळालेच नव्हते. परंतु लोकांना त्याची कला पाहावयाची नव्हती, त्याचा देह पाहावयाचा होता. से आणि कार्नेरा फ्रेंचमध्ये बोलत. येथवर तरी आपला कारभार पाहणारा माणूस काय बोलतो, हे त्याला समजत होते.

१९२९ सालच्या अखेरीस तो अमेरिकेत उतरला. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता. २४ जानेवारी १९३० रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्यास लोळविले आणि तेथून त्याची गावोगाव मिरवणूक सुरू झाली. वृत्तपत्रांनी त्याला चालताबोलता आल्प्स पर्वत ठरविले. त्याच्या न बोलण्याचेच लोकांनी कौतुक केले! हॉलिवूड कसे वाटले, असे कोणी विचारता, दुसऱ्या फेरीत त्याला आडवा करीन, असे उत्तर या भल्या माणसाने दिल्याची कथा त्या काळी घरोघर सांगत. कथा खरी असो वा रचलेली. लोक पोट धरून हसले आणि तिकिटे मात्र भराभर खपली. तेव्हा, कीर्तीसाठी इंग्रजी हवेच, या मताचे उत्तर येथेच मिळते. कीर्तीला इंग्रजी लागले नाही.

पण या कीर्तीची दोरी कोणाच्या हातात होती? अमेरिकेत तेव्हा दारूबंदीचा कायदा होता आणि चोरट्या दारूवर गबर झालेल्या टोळ्या मुष्टियुद्धाच्या धंद्यात शिरल्या होत्या. ओनी मॅडन आणि बिल डफी या त्यांतीलच दोन असामी. कार्नेराचा कारभार हळूहळू त्यांच्या हाती गेला. त्याच्या कित्येक लढतींचा निकाल आधीच ठरलेला असे, हे पुढे उघडकीस आले. ओकलंड येथील एका लढतीनंतर तर चौकशी होऊन कॅलिफोर्नियात त्याच्यावर बंदी आली. आपल्यासमोर पडणारा माणूस खरोखर पडतो आहे की पैसे घेऊन पडतो आहे, हे त्या बिचाऱ्याला बहुधा ठाऊकही नव्हते. सह्या तो करी. कागद दुसरे वाचीत. पैसा त्याच्या नावावर जमा होई. वाटे दुसरे पाडीत.

तथापि कार्नेरा म्हणजे निव्वळ बुजगावणे होते, असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल. तो कष्टाळू होता. सराव करून त्याने डाव्या हाताचा लांब ठोसा चांगला कमावला. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच्याशी झालेल्या लढतीनंतर अर्नी शाफ हा मुष्टियोद्धा मरण पावला. शाफला पूर्वीच्या एका लढतीत जबर मार बसला होता आणि तो आजारातूनही नुकताच उठला होता. कार्नेराला या मृत्यूने अतोनात दुःख झाले; पण त्याच्या नावाने धंदा करणाऱ्यांनी प्राणघातक ठोशाचा धनी म्हणून त्याची जाहिरात मांडली. ती खोडून काढावयास त्याच्यापाशी शब्द नव्हते. २९ जून १९३३ रोजी जॅक शार्की यास सहाव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला. त्याच वर्षी रोम येथे पाउलिनो उस्कुदुन याच्याविरुद्ध, आणि १ मार्च १९३४ रोजी मायामी येथे टॉमी लोगरनविरुद्ध त्याने आपले पद राखले. लोगरनचे वजन १८४ पौंड आणि कार्नेराचे २७०!

इटलीत मुसोलिनीने त्याला जवळ घेतले, त्याच्या अंगावर काळा सदरा चढविला आणि आपल्या राजवटीचा नमुना म्हणून त्याला लोकांपुढे उभे केले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परक्या भाषेच्या लोकांनी त्याला वापरले, तसेच स्वतःच्या देशाच्या भाषेत बोलणाऱ्यांनीही वापरले.

मग उतार लागला. १४ जून १९३४ रोजी मॅक्स बेअरने त्याला पुनःपुन्हा खाली पाडले. तो पुनःपुन्हा उठला आणि अकराव्या फेरीत पंचाने लढत थांबविली, तेव्हा त्याचे पद गेले. २५ जून १९३५ रोजी तरुण ज्यो लुईने त्याला सहाव्या फेरीत गारद केले. १९३६ साली लेरॉय हेन्सकडून दोन पराभव पत्करल्यानंतर त्याच्या एका पायातील शक्ती गेली. तो इस्पितळात पडून राहिला, आणि ज्यांनी त्याच्या जिवावर लाखो डॉलर मिळविले त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. ज्याने जगाचे पद जिंकले तो जवळजवळ रिकाम्या हातांनी घरी परतला. पुढे दोनच वर्षांत त्याचे एक मूत्रपिंडही काढावे लागले.

याच्या उलट एक उदाहरण आम्हांस येथे आठवते. अर्जेंटिनाचा लुइस आंहेल फिर्पो यालाही इंग्रजी बेताचेच येई. १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्क येथे त्याने जगज्जेत्या जॅक डेम्प्सीला पहिल्या फेरीत ठोसा मारून दोरांबाहेर फेकून दिले. दुसऱ्या फेरीत तो हरला, पण हरूनही नामांकित झाला. हा गृहस्थ पैशाच्या बाबतीत मोठा चिवट होता. आपला व्यवहार तो शक्यतो आपणच पाही आणि पै न् पैचा हिशेब मागे. १९६० साली तो वारला तेव्हा मोठा जमीनदार म्हणून वारला. भाषेची अडचण दोघांनाही होती; हिशेबाची जाग मात्र एकालाच होती.

परंतु कार्नेराची कथा इस्पितळात संपत नाही, आणि म्हणूनच ती आम्हांस सांगाविशी वाटली. १९३९ साली त्याने लग्न केले. महायुद्धाचे दिवस त्याने इटलीत काढले आणि १९४६ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा अमेरिकेत गेला. या वेळी कुस्तीगीर म्हणून. आता तो भाषेला बिचकणारा पोरगा राहिला नव्हता. लोकांशी तो इंग्रजीत बोलू लागला होता, आणि मिळविलेला पैसा आता त्याच्या घरी येत होता. त्याने कॅलिफोर्नियात घर केले, दुकान काढले, चित्रपटांतून कामे केली. १९५३ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. आपल्याला न मिळालेले शिक्षण त्याने मुलांना दिले. मुलगा डॉक्टर झाला.

१९६७ साली दुखणे विकोपास गेले, तेव्हा त्याने आपल्या खेड्याची वाट धरली. २९ जून १९६७ रोजी सेक्वाल्स येथे त्याने देह ठेवला. चौतीस वर्षांपूर्वी नेमक्या याच तारखेला तो जगज्जेता झाला होता.

विद्यार्थिमित्रहो, आपण मराठी शाळेत शिकतो, आणि आपल्या गावच्या कचेरीत व बाजारात निराळीच भाषा चालते. इंग्रजीवाचून आपले कसे होणार, ही काळजी आपल्या घरांतून रोज ऐकू येते. कार्नेराच्या चरित्रातून आम्हांस असे दिसते की, नाव मिळविण्यास परकी भाषा लागतेच असे नाही. परंतु मिळविलेले राखावयाचे असेल, तर ज्या कागदावर आपण सही करतो तो वाचता आला पाहिजे, आणि नच आला, तर सही करण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारण्याचे धैर्य तरी हवे. भाषा शिकावयाची ती मिरविण्यासाठी नव्हे. आपल्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती जाऊ नये यासाठी. कार्नेरा हे उशिरा शिकला. त्याच्या मुलांना ते वेळेवर शिकता आले.