वायली पोस्ट यांचे अखेरचे उड्डाण

ओक्लाहोमातील तेलविहिरींवर काम करीत असताना १९२६ मध्ये वायली पोस्ट यांचा डावा डोळा गेला. भरपाईच्या रकमेतून त्यांनी पहिले विमान विकत घेतले आणि एका डोळ्याने अंतर जोखण्याची सवय स्वतःला लावून घेतली. १९३१ मध्ये हॅरॉल्ड गॅटी यांच्यासमवेत ‘विनी मे’ या विमानातून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३३ मध्ये तीच प्रदक्षिणा एकट्याने, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत पूर्ण करणारे ते जगातील पहिले वैमानिक ठरले. विरळ हवेतील उड्डाणासाठी त्यांनी सिद्ध केलेला दाबपोशाख हा अंतराळवीरांच्या पोशाखाचा पूर्वजच म्हणावा लागेल.

यंत्राची एवढी जाण असलेल्या या माणसाचे शेवटचे विमान मात्र दोन भिन्न विमानांचे भाग जोडून तयार झालेले होते. त्यात चाकांऐवजी मोठे फ्लोट बसविल्याने पुढचा भाग जड झाला. इंजिनाचा जोर असेतोवरच हा भार सावरता येण्याजोगा होता. १५ ऑगस्ट १९३५ रोजी अलास्कातील पॉइंट बॅरोजवळ पाण्यावरून झेप घेताच, पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच इंजिन बंद पडले आणि विमान पाण्यात कोसळले. छत्तिशीतील पोस्ट आणि सोबतचे लोकप्रिय विनोदकार विल रॉजर्स दोघेही मृत्युमुखी पडले. ‘विनी मे’ पुढे स्मिथसोनियन संस्थेने विकत घेतले.