रुग्णासोबत आलेल्याने रात्री कुठे थांबायचे? गाडगेबाबांचे आरोग्यकार्य

नरखेड तालुक्यात दवाखाना चालवताना मला दर आठवड्याला कुणाला तरी नागपूरला पुढच्या तपासणीसाठी पाठवावे लागते. चिठ्ठी हातात घेतल्यावर घरची मंडळी आजाराबद्दल कमी विचारतात. तिथे राहायचे कुठे, जेवायचे काय, हे आधी विचारतात. मोसंबीच्या बागेत रोजाने काम करणारे माझे एक रुग्ण उपचार अर्धे टाकून परत आले होते. औषध मोफत मिळत होते, पण सोबतच्या बायकोला चार रात्री झोपायला जागा मिळाली नव्हती.

तुमच्याही घरी असे घडले असेल, तर वर्धा नदीच्या पलीकडच्या, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या एका माणसाबद्दल वाचा. गाडगेबाबांना तुम्ही खराट्यामुळे ओळखता. मी त्यांच्याकडे आरोग्याचे काम करणारा माणूस म्हणून पाहतो.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे, परीट समाजात झाला. घरचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या आहारी जाऊन लवकर गेले आणि आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली. डेबूजी मामाच्या शेतावर राबून मोठे झाले. पुढे स्वतःला मुलगी झाली, तेव्हा बारशाला दारू आणि मटणाची पंगत देण्याची रीत त्यांनी मोडली आणि गोड जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले. बाप दारूने गेलेल्या घरातल्या मुलाने घेतलेला हा निर्णय मला त्यांच्या मोठ्या कामांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इथे डॉक्टर म्हणून थोडे थांबतो. रोज दारू पिणाऱ्याचे डोळे पिवळे दिसू लागले, पोटात पाणी होऊन पोट फुगले, रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर यकृत निकामी होत असण्याची शक्यता असते. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मात्र अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम दारू तोडू नये. हात थरथरणे, भ्रम होणे, झटके येणे असे त्रास होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडता येते.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्यावरूनच पुढे नाव पडले. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडायची आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात दारू, सावकारी कर्ज, पशुबळी, अस्वच्छता आणि शिवाशिव हे विषय असत. एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी कीर्तन सुरू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे.

त्या काळात यात्रा आणि पटकी यांची जोडी ठरलेली होती. पटकी म्हणजे कॉलरा. रुग्णाच्या विष्ठेतले जंतू पाण्यात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याला तांदळाच्या पेजेसारखे जुलाब सुरू होतात. अंगातले पाणी आणि क्षार इतके झपाट्याने निघून जातात की काही तासांतही माणूस दगावतो. जंतूला जात कळत नाही, पण गावच्या विहिरीला ती कळत होती. ज्यांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, त्यांना नाल्याचे नाहीतर डबक्याचे पाणी प्यावे लागे. पंढरपुरातही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळेत थारा नव्हता. गाडगेबाबांनी तिथे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैसा लोकांकडून आला. स्वतःसाठी त्यांनी झोपडीसुद्धा ठेवली नाही.

मुंबईतल्या धर्मशाळा मला सर्वांत जवळच्या वाटतात. जे.जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा खेड्यांतून आलेल्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी आहे. दादरच्या धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण सोबतच्या माणसासह राहतात. कॅन्सरचा उपचार कित्येक आठवडे चालतो. रोज किरणोपचार घ्यायचे आणि रात्री फुटपाथवर झोपायचे, तर अशक्त रुग्णाला जंतुसंसर्ग होतो, जेवण नीट होत नाही आणि शेवटी तो गावी निघून येतो. अर्धवट राहिलेल्या उपचारानंतर आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून निवाऱ्याची सोय मी उपचाराचाच भाग धरतो.

अडचण आजही कुणाची जास्त आहे, हे आपल्या विदर्भात सिकलसेलमध्ये दिसते. हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या काही अनुसूचित जाती आणि आदिवासी जमातींत जास्त आढळतो. वारंवार रक्त द्यावे लागते, हातपाय आणि हाडे असह्य दुखतात, दर वेळी शहर गाठावे लागते. नेमके याच घरांत रोजी बुडवणे परवडत नाही. लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

शहरात उपचाराला जायचे ठरले, तर निघण्यापूर्वी आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या प्रती घ्या. रुग्णालयात पोहोचल्यावर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि राहण्याच्या सोयीबद्दल तिथेच विचारा. धर्मशाळेत बहुतेक वेळा डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती आधीच मागून घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला उपचार करणाऱ्या रुग्णालयातून घ्यावा लागतो. हे विचारताना लाज वाटू देऊ नका, आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरने स्वतःहून सांगितले नाही तर त्यालाही विचारा. मीही पूर्वी सांगत नसे.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गेले. वय ८० होते. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यांच्या मुंबईतल्या धर्मशाळांत अजूनही रोज नवे रुग्ण उतरतात.